काळ्या खिडकीचा ताठा

मित्रांनो, मी एक जुनी काळी खिडकी आहे. खिडकी म्हटलं की तुम्हाला वारा, ऊन आणि समोरच्या घरातली भांडणं आठवतील. माझ्यातून यातलं काही दिसत नाही. मी संगणकाच्या पोटात राहते. बोलावलं की पडद्यावर येते, काळीकुट्ट, आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत ठेवते. माझ्यात चित्र नाही, बटण नाही. तुम्ही हुकूम टाइप करायचा आणि मी तो पाळायचा, एवढाच आपला व्यवहार.

माझं घराणं फार जुनं. माउस जन्मालाही आला नव्हता तेव्हाचं. माझी पणजी खोलीएवढ्या यंत्रात राहायची आणि एका हुकमावर अख्खा उन्हाळा गुणाकार करत बसायची, असं आमच्यात सांगतात. एकदा म्हणे तिने नागपूरचं ऊन मोजायला घेतलं, तर आकडेच वितळून खाली सांडले. खोटं वाटत असेल तर मे महिन्यात इकडे या आणि मग बोला.

पुढे रंगीत खिडक्या आल्या. पिवळे फोल्डर आले, गोंडस चित्रं आली, आणि माझी रवानगी माजघराच्याही मागे झाली. मी रडले नाही. मला डोळे नाहीत, आणि असते तरी रडले नसते.

सध्या माझा मुक्काम नागपूरच्या धंतोलीत, संजीवच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे. चारी बाजूंना दवाखाने. गोंदियापासून बुलढाण्यापर्यंतची माणसं रिपोर्ट छापायला येतात आणि सोबत आपापले पेन ड्राइव्ह आणतात. माणसं दवाखान्यात बरी होतात आणि पेन ड्राइव्ह आमच्या दुकानात आजारी पडतात. संजीवच्या हातून एकदा मी चुकून उघडले गेले. तो इतका घाबरला, की त्याने संगणकाचं बटणच बंद केलं. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या कडेला कागद चिकटवला : 'काळी खिडकी दिसली की बंद करा. वायरस आहे.' स्वतःच्या दारावर स्वतःचीच बदनामी वाचत मी राहिले, मित्रांनो. पण मान खाली घातली नाही.

संजीवचे वडील भैयाजी जुने विणकर. गोळीबार चौकाकडच्या घरात त्यांचा खड्ड्याचा माग आहे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी माग चालवतो, तसला. भैयाजी विणायचे, पण लुगड्यांचे काठ सुचायचे त्यांच्या बायकोला, तुळजाबाईला. करवतीच्या दातांचा काठ सगळेच विणतात. तुळजाबाई त्या दातांत असं काही गुंफायची, की बाकीचे विणकर नुसते पाहत राहायचे. प्रत्येक काठाचा एक तुकडा तिने पेटीत जपला होता. ती गेली, आणि मागून पेटीला कसर लागली. तुकड्यांची चाळण होण्याआधी नातीने, संजीवच्या मयुरीने, मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढून एका लाल पेन ड्राइव्हमध्ये ठेवले. ते बरंच झालं, कारण तो मोबाईल पुढे अंबाझरी तलावाला अर्पण झाला.

यंदा मयुरीचं लग्न ठरलं. भैयाजींनी कितीतरी वर्षांनी मागावर ताणा चढवला. नातीच्या लग्नाच्या लुगड्याला तुळजाबाईचा काठ घालायचा, असा त्यांचा हट्ट. "काठ डोळ्यात आहे, पण हातात नाही येऊन राहिला," असं म्हणत ते भर दुपारी दुकानात आले. सोबत मयुरी आणि तो लाल पेन ड्राइव्ह.

पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर संगणकाच्या राखणदाराने आरडाओरडा केला, एक वायरस पकडला आणि मारून टाकला. मग पेन ड्राइव्ह उघडून पाहिला, तर आत काहीच नाही.

"कोरा आहे," संजीव म्हणाला. "वायरसनं खाल्लं सगळं."

"खाल्लं तर ओकायला लाव त्याले," भैयाजी म्हणाले.

"तो काय कुत्रा आहे का बाबा? गेलं ते गेलं. फॉरमॅट मारून देतो, पेन ड्राइव्ह तरी कामी येईन."

फॉरमॅट मारणं म्हणजे आत असेल नसेल ते सगळं पुसणं. मयुरी पडद्याकडे बघत होती. "थांबा ना बाबा. कोरा आहे तर अर्धी जागा भरलेली काहून दाखवून राहिला? हा वायरस फायली खात नाही, लपवून ठेवते. कॉलेजात झालं होतं आमच्या."

"मग बाहेर कोण काढीन?" भैयाजींनी विचारलं.

मयुरीने त्या कागदाकडे पाहिलं आणि मला उघडलं. किती दिवसांनी श्वास घेतला म्हणून सांगू! संजीव "वायरस, वायरस" करत राहिला. पोरीने लपलेल्यांना बाहेर काढायचा हुकूम टाइप केला. हुकूम अगदी बरोबर होता. चूक झाली ती जागेत. तिने मला स्टार्टच्या मोठ्या दरवाज्यातून बोलावलं होतं, आणि तिथून आले की मी उभी राहते संगणकाच्या मालकाच्या खोलीत. पेन ड्राइव्हला तिथलं वारंही लागत नाही. मी उलट विचारत नाही. जिथे उभी केली तिथे काम करते. मी संजीवच्याच खोलीतलं सगळं झाकलेलं उघडं केलं. पडद्यावर कधी न पाहिलेल्या फायली उगवल्या. पेन ड्राइव्ह मात्र कोराच.

"पाहा, भुतं काढली तिनं," संजीव म्हणाला. "सरक तिकडं."

त्याने मला बाजूला ढकललं आणि फॉरमॅटवर टिचकी मारली. 'सगळं पुसलं जाईल, चालेल का?' असं विचारणारी चौकट आली. त्याचं बोट माउसवर होतं.

"संज्या, हात काढ," भैयाजी म्हणाले.

"बाबा, काही नाही त्यात."

"तुह्या मायले मी एकदा पोचवून आलो मोक्षधामात. दुसऱ्यांदा नाही पोचवत."

संजीवने हात काढला.

मयुरीने पुन्हा मला पुढे ओढलं आणि या वेळी नीट वाचलं. मी कुठे उभी आहे हे माझ्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. कोणी वाचत नाही, तो माझा दोष नाही.

"आबाजी, हुकूम बरोबर होता. जागा चुकली माझी."

"म्हणजे माग इथं अन् पाय दुसऱ्याच खड्ड्यात," भैयाजी म्हणाले. "मग उतर ना बरोबर खड्ड्यात."

तिने फॉरमॅटची चौकट रद्द केली. पेन ड्राइव्हचीच रंगीत खिडकी समोर घेतली. त्या खिडकीच्या कपाळावर पत्त्याची लांब पट्टी असते. तिथला पत्ता पुसून तिने तीन अक्षरं टाइप केली : सी, एम, डी. मग एंटर. मित्रांनो, ही माझी मागच्या दाराची नाही, हक्काची वाट. या वाटेने बोलावलं की तुम्ही उभे असता तिथेच मी येते. मी थेट लाल पेन ड्राइव्हच्या उंबऱ्यावर उतरले.

तोच हुकूम पुन्हा आला. मी गप्प झाले.

"अडकली," संजीव म्हणाला. "म्हटलं होतं ना?"

मी अडकले नव्हते, काम करत होते. झाल्यावर पुन्हा रेघ लुकलुकवली आणि एक शब्द बोलले नाही. चुकलं तर सांगायचं, साधलं तर मिरवायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत. (आज मिरवते आहे ते सोडा.)

पेन ड्राइव्हच्या खिडकीत एक फोल्डर वर आला. नाव होतं 'आजी'. आत काठच काठ. भैयाजी स्टूल ओढत पुढे आले आणि काचेवर बोट ठेवून एकेक दात मोजू लागले. मध्येच त्यांचं बोट थांबलं. "इथं... इथं मी चुकत होतो." संजीव दुसरीकडे तोंड करून कोणाचा तरी एक्स-रे नीट लावत बसला, आणि तो त्याला बराच वेळ लागेना.

मग भैयाजींची नजर माझ्यावर पडली. "हे काळं काय आहे वं?"

"यातूनच काढले फोटो, आबाजी."

काळ्यावर उमटलेली पांढरी अक्षरं ते पाहत राहिले. "चंद्रकळा आहे ही. तुळजा नेसायची संक्रांतीले. अन् हा संज्या इले वायरस म्हणते."

तो कागद अजून तिथेच आहे. संजीवचा ताठाही काही कमी नाही. पण कोणाचा पेन ड्राइव्ह कोरा दिसला, आणि समोरच्या माणसाचं तोंड उतरलं, की तो इकडेतिकडे बघून पट्टीत तीन अक्षरं टाइप करतो. मी येते. त्याने आधी माफी मागावी म्हणून अडून बसत नाही, पण विसरतही नाही.

मला जपा, माझ्यावर दया करा असं मी म्हणणार नाही. मी हुकूम घेते, भीक घेत नाही. एवढंच सांगते : रिकामं दिसलं म्हणून पुसू नका. जिथे हरवलं तिथे आधी जाऊन उभे राहा, आणि मग हाक मारा.

मयुरीचं लुगडं विणून झालं. त्याचा फोटो 'आजी' फोल्डरमध्ये आहे, आणि त्या फोल्डरच्या नकला आता चार घरी आहेत. फोटो मोठा करून पाहा. तुळजाबाईच्या काठाला लागून एकच काळा धागा गेला आहे, या पदरापासून त्या टोकापर्यंत. भैयाजी म्हणतात, पोरीला दृष्ट लागू नये म्हणून घातला.

म्हणू द्या. तो धागा कोणाचा आहे, ते मला ठाऊक आहे.