अडत होतं ते मी नव्हे

मी लढाईच्या खेळाची दांडी बोलतेय. डाव्या बाजूची, लाल बोंडाची. आणि आधीच सांगते, माझ्यावर कुणी म्हणजे कुणीही विश्वास ठेवला नाही. माझ्या पोटात चार खटके, चार दिशांना एकेक. चारही खणखणीत वाजत होते, तरी अख्खं दुकान म्हणत होतं, दांडी अडते!

कारखान्यात एका बाईने मला शंभरदा हलवून पाहिलं, मगच खोक्यात घातलं. तिथून नाणं टाकून खेळायच्या पेट्यांच्या या दुकानात आले, एका पेटीवर बसले. पडद्यावर बारा लढवय्ये. लोकांना वाटतं, एक जमला की बाराही जमले. कसलं काय! पैलवानाने समोरच्याला उचलून आपटायला हवं, तर मला गरागरा पूर्ण फिरवावं लागतं. नाचरीला नुसत्या दोन टिचक्या पुरतात. आणि म्हाताऱ्याची तऱ्हाच निराळी. मला मागे ओढायचं, एक, दोन मोजेपर्यंत तसंच धरायचं, मग पुढे लोटून ठोसा. दोन व्हायच्या आत सोडलं की म्हातारा ढिम्म.

दुकानात उस्तादचा दरारा. हरला तो उठला, असा इथला नियम. पैलवान घेऊन बसलेला उस्ताद वर्षभर उठला नव्हता. मग मालकाच्या लेकीने स्पर्धा ठेवली. तीन लढती, आणि प्रत्येक लढतीत पडद्यावरचा वेगळा गडी घ्यायचा.

उस्तादने सरावाला म्हातारा घेतला आणि दोन आठवडे नुसता मार खाल्ला. मूठ आवळून मला असा हिसडे द्यायचा, की जणू मी उपटायचा दातच!

"मालक, दांडी अडते हो!"

"माझ्या नाचरीला नाही अडली ती," लेक म्हणाली.

"तू गप गं. तुला काय कळतंय यातलं?"

पेट्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने मला उघडलं. खट, खट, खट, खट. "मालक, हिला धाड भरलेली नाही."

"उस्ताद उगाच बोलेल होय? काढ ती."

काढलेल्या वस्तूला दोषाची चिठ्ठी बांधायची, ही मिस्त्रीची पद्धत. माझ्या गळ्यात चिठ्ठी आली: 'अडते'. लिहिताना त्यालाही लाज वाटली असावी, अक्षर तिरकं आलं. शनिवारी भंगारवाला मला नेणार होता.

नवी दांडी बसली. उस्ताद हरला. "हीपण अडते!" तिसरी बसली. तीही अडली म्हणे.

दुकान झाडणाऱ्या मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. रोज सकाळी पेट्या चालू करून बघायचं काम त्यांचं. बघता बघता एकेक लढत खेळायच्या. एकट्या म्हाताऱ्यावर त्यांनी दीड महिना घालवला होता.

"तीन-तीन दांड्या अडतात? मिस्त्री, ती जुनी लावा बघू."

"मावशी, हा पोरखेळ नाहीये," उस्ताद म्हणाला.

"तेच तर म्हणते. पोरांना जमत नाहीये."

अख्खं दुकान हसलं. मिस्त्रीने मला परत जागेवर बसवलं. चिडून उस्ताद उजवीकडे बसला. त्याने पैलवान घेतला, मावशींनी म्हातारा.

फिनाइलच्या वासाची ती बोटं माझ्या बोंडावर अलगद टेकली. मावशींचे ओठ हलत होते. एक... दोन... आणि ठोसा! पैलवान जवळ आला की मागे सरकायच्या, धरून ठेवायच्या, मोजायच्या. शेवटच्या फेरीत पैलवान आडवा झाला. माझ्या पोटातले चारही खटके वाजले, आणि या खेपेला सगळ्यांनी ऐकले.

उस्ताद उठला. मिस्त्रीने न विचारताच चिठ्ठी टराटरा फाडली.

आज माझा रंग उडालाय, वंगणही कमी झालंय. तरी मी जागेवर आहे आणि हटणार नाही. नवा गडी घेतलात तर त्याच्या कलाने घ्या. महिना लागेल, दोन लागतील. हरलात तर सरळ हरलो म्हणा, माझ्या माथी मारू नका. मी ऐकून घेणारी नाही. आता कुणी विचारलं, की तेव्हा तीन दांड्या अडल्या त्या कुणामुळे, तर मालक स्वतःच नाव घेतात: उस्ताद.