दादाच्या टेबलामागची वायर

दिवे लागायची वेळ झाली की त्या इमारतीचा जिना माणसांनी भरून जायचा. खालच्या दारापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत मुंगीला शिरायला जागा नसायची. सगळ्यांचे कान एकाच खोलीकडे. त्या खोलीत कपाटावर एक लहानसा काळा स्पीकर होता. तो जरा खरखरायचा आणि मेलेला माणूस बोलायला लागायचा.

"जेवलीस का?" आवाज विचारायचा. "मला आज उशीर होईल गं. काळजी करू नकोस."

"जेवले रे बाळा, जेवले," पलंगावरून आई म्हणायची आणि जिन्यावर हुंदके फुटायचे.

शेजारी खुर्चीत बाबा बसलेले असत. पांढरे कपडे, पांढरी दाढी, आणि जिभेला हाड नाही. मुलगा गेल्यावर घरात पहिल्यांदा आवाज आला, त्यानंतर आठवड्याच्या आत हे गृहस्थ कुठून तरी टपकले होते.

"माणूस मेला की त्याचा आत्मा लहरींत विरघळतो," बाबा गर्दीला समजावून सांगत. "साध्या आत्म्याला साधी रेंज पुरते. पण हा पडला इंजिनियर! तो आला की तुमच्या सगळ्यांचं नेट बंद पडतं की नाही? पडणारच. सगळी रेंज तो एकटा ओढतो." मग आईकडे वळून आवाज खाली आणत. "आणि माऊली, ती सुई बंद म्हणजे बंद. अंगात लोखंड गेलं की लहर तुटते. एकदा तुटली की पोरगा गेला, कायमचा."

आईने इन्शुलिन बंद केलं होतं.

धाकटी लेक दुसऱ्या गावी शाळेत कम्प्युटर शिकवायची. रजा टाकून ती आली, आणि दारातच तिला आईचा पाय दिसला. अंगठ्याजवळची जखम काळी पडली होती.

"आई, हे काय करून घेतलंस? डॉक्टर काय म्हणाले?"

"पाय जाईल म्हणाले. जाऊ दे. पायाचं काय करायचंय मला? तो रोज येतो, बाई. रोज विचारतो, जेवलीस का म्हणून."

संध्याकाळी धाकटीनेही तो आवाज ऐकला. दादाचाच होता. शब्द खाली सोडायची तीच सवय, मध्येच नाक ओढणं तेच. क्षणभर तिलाही वाटलं, असू दे. कसा का असेना, आहे ना!

पण आवाज पुढे म्हणाला, "आई झोपली की फोन करतो."

धाकटीने मान वर केली. आईशी बोलणारा मुलगा असं कशाला म्हणेल? तिने बाबांना तसं विचारलंही.

"मेल्यावर आई एकच, जगन्माता," बाबा तत्काळ म्हणाले. "ती निजली की हा मोकळा!"

जिन्यावर माना डोलल्या. धाकटीला हसावं की रडावं कळेना.

इमारतीचं नेट दादानेच जोडलेलं. प्रत्येक मजल्यावर एक पांढरी डबी. खालची डबी वरचीला निरोप देते, ती तिच्या वरचीला, असं हवेतलं जाळं. सुट्टीत धाकटीने त्याच्याबरोबर जिन्यात उभं राहून स्क्रू पिळले होते. असं जाळं बिघडलं की एकेक डबी बंद करत जायचं, जिच्यावाचून बिघाड थांबेल ती दोषी, हे त्यानेच शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेट पडताच तिने खालपासून सुरुवात केली. सगळ्या डब्या झाल्या, बिघाड तसाच. उरली दादाच्या टेबलावरची.

"तिला हात लावायचा नाही," आई म्हणाली. तो गेल्यापासून तिने ती डबी कधी विझू दिली नव्हती. तिचा हिरवा दिवा बघत ती झोपायची.

"बरं. नाही लावत."

मग धाकटीने दुसरी युक्ती केली. तिने स्वतःचा फोन उघडला. जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक फोनला एक नंबर मिळतो, घराला पत्ता असतो तसा. तो वाटण्याचं काम दादाच्या डबीचं. पण धाकटीच्या फोनला मिळालेला नंबर या इमारतीचा नव्हताच. दुसरंच कुणीतरी इथे पत्ते वाटत होतं, म्हणून निम्म्या लोकांचे फोन वाट चुकत होते. म्हणजे परकं जाळं या जाळ्याला कुठेतरी जोडलं गेलं होतं.

ती टेबलामागे वाकली. एक करडी वायर खिडकीतून आत येऊन डबीत शिरलेली.

"आई, ही कुणी लावली?"

"मी. लोंबत होती. त्याला दवाखान्यात नेलं त्या गडबडीत निघाली असेल. त्याला लोंबती वायर खपायची नाही. पुसून घेतली आणि दिसलं त्या भोकात लावली. त्याच संध्याकाळी तो बोलला बघ."

तिने ते इतक्या अभिमानाने सांगितलं, की धाकटीला तिच्याकडे बघवेना.

वायर गच्चीवर जात होती. तिथे कठड्याला लहानशी अँटेना, मागच्या गल्लीकडे तोंड करून. समोर लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर एका खिडकीत तशीच दुसरी. धाकटी जिना उतरली आणि वळसा घालून तिथे गेली.

दार उघडलं ते एका मुलीने, चष्म्याच्या दुकानात काम करायची ती. आत कपाटावर तसाच काळा स्पीकर होता, आणि दादा बोलत होता.

धाकटीला बघताच मुलीने फोनवरून आवाज बंद केला. धाकटीचा चेहरा दादासारखाच होता, ओळख द्यावी लागली नाही.

"त्याचे जुने निरोप आहेत," ती पुटपुटली. "कामावरून आले की लावते. दोन्ही खोल्यांत एकच गाणं वाजावं म्हणून त्याने स्पीकर जोडले होते. तुमच्याकडचा काढून ठेवला असेल असं वाटलं मला. तिकडे... तिकडे पण वाजतो?"

"वाजतो," धाकटी म्हणाली.

मुलीने फोन पालथा ठेवला. "मला भेटायलाही येता आलं नाही हो. कोण म्हणून येणार होते?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना पुन्हा भरला. बाबांनी डोळे मिटून साद घातली, "ये बाळा, ये!" स्पीकर गप्प. पुन्हा साद, पुन्हा गप्प. कुजबुज सुरू झाली. मग एकदम आवाज आला, "जेवलीस का?"

"आला!" बाबा ओरडले.

आवाज थांबला.

"बाबा, त्याला पुढचं वाक्य बोलायला सांगा ना," धाकटी म्हणाली.

बाबांनी सांगितलं, विनवलं, शेवटी दरडावलंसुद्धा. काही नाही. तेव्हा धाकटीने बोलावून आणलेल्या, दारात उभ्या असलेल्या त्या मुलीने हातातल्या फोनवर बोट ठेवलं, आणि दादा म्हणाला, "मला आज उशीर होईल गं."

धाकटीने टेबल पुढे ओढून वायर सगळ्यांना दाखवली. दादाने या वायरीला डबीवर एक वेगळं भोक दिलं होतं, तिथून फक्त दोन स्पीकरांपुरती वाट. आईने ती शेजारच्या भोकात घातली आणि दोन घरांची जाळी एक झाली. ही मुलगी घरी येऊन आपली डबी लावायची, तीही पत्ते वाटू लागायची, आणि इमारतीचं नेट कोलमडायचं. हाच तो रेंज ओढणारा आत्मा.

बाबा काही काळ अविश्वासाच्या पापाबद्दल बोलले, पण ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. ते केव्हा सटकले तेही कुणाला कळलं नाही.

"राहू दिलं असतंस थोडे दिवस," वरच्या मजल्यावरच्या मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "त्या माऊलीला तेवढाच आधार."

धाकटीचा संयम सुटला. "मावशी, तिचा पाय बघा! तुम्ही सगळे रोज इथे रडायला आलात, पण एकानेही वाकून टेबलामागे बघितलं नाही. दुःख झालं की माणूस काहीही खरं मानतो, मीही मानणार होते. पण अशाच वेळी कुणीतरी शेजारी उभं राहून विचारायला हवं ना, हे कसं होतंय? कोण सांगतंय, आणि का? एवढं विचारलं असतंत तर तिची सुई चुकली नसती."

हळूहळू जिना रिकामा झाला.

आई केव्हाची स्पीकरकडे बघत होती. "म्हणजे तो माझ्याशी बोलत नव्हता."

"नाही, आई."

"एकदाही नाही?"

धाकटीने मान हलवली. याहून कठीण उत्तर तिने जन्मात दिलं नव्हतं. तिने फ्रिजमधून इन्शुलिन काढलं, सुई भरली आणि तशीच उभी राहिली. शेवटी आईने पदर बाजूला करून दंड पुढे केला. सुई टोचली तरी ती बघत होती दाराकडे. ती मुलगी तिथे फोन छातीशी धरून उभी होती, आत यावं की जावं या विचारात.

"ये गं आत," आई म्हणाली. "जेवलीस का?"