काटा काही वर येईना

मित्रांनो, धामापुरात फणसाच्या झाडाखाली एक निळी गाडी उभी दिसली, तर ती मीच. मी एक जुनी, लहान चारचाकी आहे. माझं वय वीस वर्षं. डाव्या दाराला गंज चढला आहे आणि मागची काच अर्धीच खाली येते. ही म्हातारपणाची दुखणी सगळ्यांना दिसतात. माझं खरं दुखणं मात्र पोटात होतं, आणि ते कोणाला दिसत नव्हतं.

आधी मी शहरात एका डॉक्टरांकडे होते. आठ वर्षांची झाल्यावर परशुरामांनी मला घरी आणलं. ते मालवण बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचे. आवाज ऐकून इंजिनाचा आजार ओळखणारा माणूस! रविवारी ते माझं बॉनेट उघडून बसत. त्यांची बायको आनंदी आतून हाक मारी, "अवो, जेवण निवला!" तेव्हा कुठे ते हात पुसत.

एकदा मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला निघालो आणि फोंडा घाटात मी तापले. बॉनेटमधून वाफ यायला लागली. परशुरामांनी मला निवू दिलं, मग पान्यांची पिशवी काढली. माझा थर्मोस्टॅट अडकला होता.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक छोटं दार. इंजिन गार असलं की ते बंद राहतं. मग पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. पुरेसं तापलं की दार उघडतं आणि पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये निवायला जातं. माझं दार बंदच राहिलं होतं. परशुरामांनी ते काढून झाडीत फेकलं, पाणी भरलं आणि म्हणाले, "चल. आमच्या कोकणात थंडी खंय आसा? हेच्याबिगर पण धावतली."

मी धावलेही. दार नसल्यामुळे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरकडे पळे आणि थंडीच्या सकाळी मी तापतच नसे. पेट्रोल जास्त पिई, चढावर खोकत असे. पण आमच्याकडची थंडी ती केवढीशी! कोणी लक्ष दिलं नाही. पुढे परशुरामही ते विसरले.

मग त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. बंदर सुटलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार कुडाळला डायलिसिस. आनंदी पन्नाशीत गाडी चालवायला शिकली. तिने क्लच सोडला की मी गचके खात असे, पण तिने मला कधी कशाला घासलं नाही. सकाळी सहाला आम्ही निघत असू. परशुराम बाजूला बसत आणि खिडकीबाहेर बघत राहत. घरात कोणी त्यांना आता काही विचारत नसे, आणि तेही बोलत नसत.

गेल्या डिसेंबरात थंडी जरा जास्तच पडली. डायलिसिस करून निघाले की परशुरामांना हुडहुडी भरे. आनंदीने हिटरचं बटण लाल खुणेपर्यंत फिरवलं. मी गार वारा सोडला. मित्रांनो, तेव्हा मला फार लाज वाटली. हिटर इंजिनाच्या तापलेल्या पाण्यावरच चालतो; ऊब माझ्याकडे नव्हतीच, तर देणार कुठून? तापमानाचा काटा तळाशी पडून होता.

आनंदीने मला मितेशच्या गॅरेजात नेलं. त्याने प्लग पुसले, हवेची जाळी बदलली, काट्याचा सेन्सर बदलला. काटा काही वर येईना. "काकी, गाडी जुनी झाली, विकून टाका," तो म्हणाला.

एका गुरुवारी परशुराम अंथरुणातून उठेनात. "आज नको गो. ती थंडी माका सोसणा नाय."

आनंदीने विनवण्या केल्या, पण ते कुशीवर वळले. शुक्रवारी त्यांच्या पायांना सूज आली आणि जिना चढल्यासारखी धाप लागली. शनिवारी पहाटे आनंदीने त्यांना अक्षरशः उचलून माझ्यात बसवलं. डॉक्टर रागावले. पुन्हा चुकवलं तर जिवावर बेतेल, म्हणाले.

रविवारी सकाळी ती अंगणात आली. तिने माझं बॉनेट उघडलं आणि नुसती उभी राहिली. मग वळून, चादर गुंडाळून खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला ती म्हणाली, "तीस वर्सां इंजिनां सांभाळलात. आता माका सांगा, खंय बघू?"

परशुरामांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "चालू कर. वर रेडिएटराक जाणारो जाडो पायप आसा, तेका हात लाव."

"लावलंय."

"थंड आसा?"

"पयलो थंड होतो. आता हळूहळू कोमट होता."

"इतक्यात?" ते खुर्चीत ताठ झाले. "दोन मिनटां पण झाली नाय. इंजिन तापल्याशिवाय तो पायप गरम होता नये. म्हणजे थर्मोस्टॅट उघडो रवलो, नायतर..." ते थांबले. त्यांचा चेहरा बदलला. "नायतर थयसर तो नायच. आनंदी, फोंडा घाटात मीच काढलंय तो. परत लावूचो रवलो."

आनंदी रागावेल असं मला वाटलं. ती हसली, आणि हसताहसता तिने डोळे पुसले. कितीतरी महिन्यांनी ते इतकं बोलले होते.

सोमवारी मितेशने नवा थर्मोस्टॅट बसवला. परशुराम बाकड्यावर बसून सांगत होते, "पाणी सावकाश भर. हिटर उघडो ठेव, आतली हवा जाऊंदे." मितेश तसंच करत होता. शेवटी म्हणाला, "काका, मी सगळा बघितलंय, हीच गोष्ट बघूक नाय."

काटा हलला. हळूहळू मध्यावर आला आणि तिथेच थांबला.

मंगळवारी डायलिसिस करून निघालो. नेरूर येईपर्यंत माझ्या हिटरमधून ऊन ऊन हवा यायला लागली. परशुरामांनी हात पुढे धरले. थरथर थांबली, मान बाजूला कलली आणि ते झोपले. घर आलं. आनंदीने इंजिन बंद केलं नाही. ऊब टिकावी म्हणून ती कितीतरी वेळ तशीच स्टिअरिंग धरून बसली.

मित्रांनो, अडचणीत एखादी वस्तू काढून ठेवावी लागते, त्यात चूक नाही. परत लावायची तेवढी आठवण ठेवा. आणि यंत्र बिघडलं तर गॅरेजात जरूर न्या. पण घरात एखादं जाणतं माणूस आजारी म्हणून गप्प बसलं असेल, तर त्याच्याजवळ जा आणि आधी त्याला विचारा.