दहापैकी सात

“हिवाळा हा एकच ऋतू असा आहे,” नियंत्रकांनी सुरी डोक्यावर उचलत जाहीर केलं, “की ज्यात निसर्ग स्वतः स्वयंपाकघरात येतो आणि माणसाला म्हणतो, ऊठ, बरा हो!”

एवढं बोलून त्यांनी स्वेटरच्या बाह्या सरसावल्या आणि सुरी लाल भोपळ्यात खुपसली. ती आत गेली, पण बाहेर यायला तयार होईना. डावीकडे हलवून झाली, उजवीकडे हलवून झाली. जोर लावून उचलली तेव्हा सुरीबरोबर भोपळाही वर आला. मग युद्धावरून परतलेल्या सेनापतीच्या थाटात ते दोन्ही एकत्रच घेऊन बाहेरच्या खोलीत आले.

“बाबा, माझा अजून चहासुद्धा झालेला नाही,” सून म्हणाली. तिनं भोपळा गुडघ्यांत दाबला आणि सुरी उपसून सासऱ्यांच्या हातात दिली. ती दाताच्या दवाखान्यात कामाला होती; उपसाउपशीचं तिला काही वाटत नसे.

नियंत्रकांची चौतीस वर्षं बस डेपोत गेली होती. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावरून सुटेल हे ते ठरवत, आणि ध्वनिक्षेपकावरून सांगतही. निवृत्तीनंतर ध्वनिक्षेपक डेपोत राहिला, आवाज घरी आला. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला तेव्हा फ्रीजच्या दारावर पहिल्यांदा काय लागलं असेल, तर वेळापत्रक. दहा पाच, गाजर, किसून. दहा वीस, बीट, उकडून. अकरा, कोबी, थांबे: धुणे, चिरणे. आणि सर्वांत खाली, दररोज धावणारा मुळा. जेवण तयार झालं की घोषणा होई, “कृपया लक्ष द्या. फ्लॉवर आणि मटार येत आहेत. ताटं आपापल्या जागी ठेवावीत.”

हा सगळा खटाटोप बायकोच्या नाकासाठी होता.

बाई जॅमच्या कारखान्यात चव तपासत. लोक त्यांना चाखणीबाई म्हणत आणि साहेबांपेक्षा जास्त घाबरत. बाईंनी चमचा खाली ठेवून मान हलवली की पाचशे बाटल्यांचा घाणा परत जाई. थंडीच्या सुरुवातीला त्यांना ताप आला. चार दिवसांनी तो गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. जिभेला गोड-खारट कळे, पण वास म्हणून काही उरला नाही. पिकलेला पेरू आणि फरशी पुसायचं फडकं, दोन्ही सारखीच.

“येईल परत,” डॉक्टर म्हणाले होते. “कधी, ते मात्र सांगता येत नाही.”

साहेबांचा फोन आला, तोही गोडच. “बाई, घाई नको. अजून तीन आठवड्यांनी, सोमवारी, संत्र्याच्या मोसमातला पहिला घाणा लागतोय, तेव्हा या. नाहीच जमलं, तर लेबल विभाग आहेच की.”

लेबल विभागात बाटलीवरचं संत्रं सरळ चिकटलंय की तिरकं, एवढंच पाहायचं असे. फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत बसल्या. घातलेली मोडत, पुन्हा घालत. ते नियंत्रकांनी दारातून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थैली घेऊन ते मंडईत गेले. त्यांचा सिद्धांत साधा होता. थंडीतल्या फळाभाज्यांना जितका वास, तितका बाकी वर्षभरात कशालाच नाही. रोज चार भाज्या आणि एक फळ नाकाखालून नेत राहायचं. कधी ना कधी ते दार उघडेलच.

पहिल्याच दिवशी कोबी झाला. बाईंनी कारखान्यातल्यासारखे डोळे मिटले, तोंड किंचित उघडं ठेवलं, घास जिभेवर फिरवला.

“दहापैकी सात,” त्या म्हणाल्या.

नियंत्रकांनी लाल पेन्सिलीनं वेळापत्रकावर सात लिहिले आणि मुलाला फोन लावला. मुलगा नोकरीच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होता. “अरे, कोबीला सात! तुझ्या आईनं तुला कधी सहाच्या वर दिले नाहीत!”

सुनेनंही तोच कोबी खाल्ला होता. तिच्या मते तो एका गुणाचा होता, तोही चिरण्याच्या मेहनतीबद्दल. पण आईंना त्यात सात दिसत असतील तर आनंदच आहे, असं म्हणून तिनं पाण्याबरोबर उरलेला गिळला. मग बीटाला सात मिळाले. संत्र्याच्या रसात शिजवलेल्या गाजरालाही सात. घर हळूहळू मोकळा श्वास घेऊ लागलं, म्हणजे सून घेत नव्हती. ती दवाखान्यातला मास्क लावून स्वयंपाकघरात वावरत होती.

शनिवारी अपघात झाला. अकरा पंधराला मोठ्या कढईत सुपासाठी लसूण परतायचा होता, आणि अकरा पंधरालाच, त्याच कढईत, जॅमसाठी सफरचंदं. एका फलाटावर दोन गाड्या. दुसरा कुणी असता तर त्यानं एक थांबवली असती. नियंत्रकांनी चौतीस वर्षांत गाडी थांबवली नव्हती. त्यांनी दोन्ही सोडल्या.

सुनेनं मास्क खाली करून जॅमचा अर्धा चमचा तोंडात घातला आणि बेसिनकडे धावली. ती तोंड पुसत परत आली तेव्हा बाईंचे डोळे मिटलेले होते.

“सात,” त्या म्हणाल्या.

सून त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

“आई, यात लसूण आहे.”

“कशात?”

“सफरचंदाच्या जॅममध्ये.”

बाईंनी चमचा बशीत ठेवला. बशी थोडी लांब सरकवली.

“कारखान्यात सहा दिले की कारणांचा फॉर्म भरावा लागतो,” त्या हळूच म्हणाल्या. “आठ दिले की साहेब स्वतः चाखायला येतात. सात दिले की कुणी काही विचारत नाही.”

“म्हणजे... कोबी?” नियंत्रकांनी विचारलं.

“सात.”

“आणि बीट?”

“अहो, सगळ्यालाच सात. तुम्ही सकाळपासून एवढे खपत होतात. वाटलं, येईल दोन-चार दिवसांत. उगीच कशाला तुमचा विरस करा?”

नियंत्रक उठले. फ्रीजवरचं वेळापत्रक काढलं, त्याची चौघडी घालून खिशात ठेवली, आणि कढई घासायला घेतली. त्या दुपारी बाई मात्र तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाढ झोपल्या. खोटं बोलायचंही काम असतं. ते संपलं होतं.

रविवारी संध्याकाळी स्वयंपाकाला वेळ नव्हती, क्रम नव्हता. उरलेलं सलगम, पालकाची जुडी, अर्धा भोपळा, सगळं एका पातेल्यात शिजत होतं. सून खोलीच्या दारात स्टुलावर बसून चाळणीत मटार सोलत होती. बाई पलंगावर उद्याची साडी काढून बसल्या होत्या आणि तिच्या काठावरून बोट फिरवत होत्या.

नियंत्रक आले आणि त्यांच्या अगदी शेजारी बसले. सुनेसमोर ते असे कधी बसत नसत. त्यांनी घसा खाकरला.

“उद्या मी तुझ्याबरोबर येणार. साहेबांना मीच सांगणार. म्हणणार, या बाईनं पंचवीस वर्षं तुमच्या कारखान्याची अब्रू सांभाळली. नाक म्हणजे काय हो? नाक येतं, नाक जातं...” त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात टाकला आणि तिला जवळ ओढलं. “आणि लेबल विभाग तर लेबल विभाग! तुझ्यामुळे जगातलं एकही संत्रं तिरकं चिकटणार नाही!”

बाईंचं डोकं त्यांच्या छातीशी आलं होतं. त्या एकदम स्तब्ध झाल्या. मग थोड्या मागे सरल्या. पुन्हा जवळ आल्या. डोळे मिटले, तोंड किंचित उघडं ठेवलं, आणि नवऱ्याच्या गळ्याशी एकदा, मग बाहीपाशी एकदा, लांब श्वास घेतला. त्यांच्या नाकपुड्या आक्रसल्या. कपाळावर कारखान्यातली ती आठी उमटली, जी पाहून पाचशे बाटल्यांचा घाणा परत जात असे.

सुनेच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती चाळणीसकट जमिनीवर बसली आणि तोंडावर हात दाबून हसू लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना.

“हसतेस काय?” नियंत्रक म्हणाले. “मी गंभीरपणे बोलतोय. मी साहेबांना ठणकावून सांगणार आहे की माणसाची किंमत त्याच्या...”

“अहो,” बाई नाकाला पदर लावत म्हणाल्या, “ते नंतर. आधी तो स्वेटर काढून धुवायला टाकता का? तीन आठवड्यांचा मुळा मुरलाय त्यात.”