सवचे विरजण

मी एक जुने विरजण आहे. रंगूबाईचे तेरावे झाले, पाहुणे गेले आणि दुसऱ्या सकाळी तिच्या नवऱ्याने, मुरारीने, फडताळ उघडले. माझे गाडगे पालथे होते. आतून राखेने घासलेले, कोरडे.

शेजारच्या बनुबाईने त्याने विचारायच्या आधीच सांगितले, "सुतकातलं दही ठेवत नाय, भावजी. कर्दळीच्या मुळाशी ओतलं मी."

"तिच्या हातचं होतं गो ते."

"मग माझ्याकडचं न्या की चमचाभर."

"तुझं आंबट हाय," मुरारी म्हणाला. बनुबाईला राग आला नाही. तिलाही ते माहीत होते.

मित्रांनो, गाडगे रिकामे झाले म्हणून मी संपत नाही. मी जीवाणू आहे, आणि चमचाभर दह्यात मी कोट्यवधी असते. माझे एकेक शरीर म्हणजे एकच पेशी. बाहेर भिंत, तिच्या आत पातळ पडदा, पडद्यात रस. तुमच्या पेशीत केंद्रक असते. माझ्याकडे नाही. माझा डीएनए कड्यासारखा गोल, रसातच मोकळा असतो. शेजारी प्रथिने बनवणारे बारीक कण असतात. एवढ्यावर माझे उत्तम चालते. दूध मिळाले की मी वाढते आणि मधोमध दुभंगून दोन होते. त्यातले जुने कोण आणि नवे कोण, हे मलाही सांगता येणार नाही.

अडतीस वर्षांपूर्वी रंगूबाईने मला माहेराहून, गरम पाण्याच्या कुंडांच्या सव गावाहून, करवंटीतून पोलादपूरच्या वरच्या या वाडीत आणले. ती करंगळी बुडवून दूध बघायची आणि मगच मला घालायची. कोणी मागितले तर दिवे लागायच्या आत द्यायची. देताना एकच अट असायची, "सगळं खा, पण चमचाभर मागं ठेव."

दोन वर्षांपूर्वी नात श्रुतिका मला महाडच्या कॉलेजात घेऊन गेली. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि सुट्टीत येऊन आजीला सांगितले. जीवाणू आधी आकाराने ओळखतात. गोल ते गोलाणू, दांडीसारखे ते दंडाणू, काही मळसूत्रासारखे पिळलेले. "तुझ्या दह्यात गोलाणूंच्या माळा आहेत आणि दंडाणूही आहेत." मग रंग पाहतात. जाड भिंत जांभळा रंग धरून ठेवते, पातळ भिंतीचा धुऊन जातो. मी जांभळे. मग हवा लागते का, उष्णता किती सोसते, तेही पाहतात.

"सवच्या गरम कुंडातसुद्धा जीवाणू राहतात, आजी."

"माझ्या माहेरचे ते. राहणारच. ह्यांना हातपाय किती?"

"एकही नाही. शेपूटही नाही."

"तरी रातभर काम करतात. आमच्याकडं हातपाय असलेला एक हाय, तो चूल पेटवायला उठत नाय."

"ऐकतोय मी," मुरारी अंगणातून म्हणाला.

रंगूबाई हसली. "मला दावशील का गो त्या यंत्रात?"

"दिवाळीनंतर नेते."

आता मुरारीला मी हवे होते, दुसरे कोणाचे नाही. रंगूबाईची धाकटी बहीण बयाबाई हिरकणीवाडीत ताक विकते. तिचेही विरजण सवहूनच आणलेले, म्हणजे ते ताक माझेच. तो एसटीने तिथे गेला.

"दाजी, तुम्ही विरजणार? दूध उतू जाताना नुसतं बघत बसणारा माणूस."

"शिकेन."

बयाबाईने डबी भरून दिली. "कोमट दुधात घाला. आणि निघा, दिवे लागतील."

घरी आल्यावर मुरारीने दूध तापवले. कोमट म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने विचार केला, सवचे विरजण आहे, त्याला गरम पाण्याची सवय असणार. वाफ निघणाऱ्या दुधात त्याने मला ओतले.

मित्रांनो, कुंडातले जीवाणू वेगळे. काही दंडाणू स्वतःभोवती टणक कवच करून उकळीही सोसतात. मला ते येत नाही. त्या दुधात मी मेले.

सकाळी दूध तसेच होते. मुरारीने श्रुतिकाला फोन केला. सगळे ऐकून ती म्हणाली, "आजोबा, गाव एक असलं म्हणून कूळ एक नसतं. डबीत काही उरलंय का?"

उरले होते. चमचाभर. त्याने ते मुद्दाम ठेवले नव्हते. अडतीस वर्षे कानावर पडले होते, म्हणून हात आपोआप थांबला होता.

संध्याकाळी त्याने दुधात करंगळी बुडवली. चटका बसला. थांबला. पुन्हा बुडवली. चौथ्या वेळी बोट दुधात सुखाने राहिले, तेव्हा त्याने मला घातले. सकाळी गाडगे हलवले तरी दही हलले नाही. खाण्याआधी त्याने चमचाभर वेगळे काढले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी असेल. ते कसे जगते, हे सांभाळणाऱ्याला वेळेवर विचारून घ्या.

श्रुतिकाच्या वहीत माझे एक पान आहे. आकार लिहिला आहे, रंग लिहिला आहे. पूर्ण शास्त्रीय नावाची जागा कोरी आहे. ती पुढच्या वर्षी भरेल. रंगूबाई महाडला जाऊन मला त्या यंत्रात बघणार होती. ते राहिले.