नवस पुरा झाला

पेठ वडगावच्या बाजारपेठेमागं गणपतरावांची पिठाची गिरण आहे. त्यांची बायको चिमणाबाई श्रावण लागल्यापासून अनवाणी चालायला लागली, तेव्हा लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. वाटण्यासारखंच होतं. माघात तिचा एकुलता एक मुलगा पृथ्वीराज मेंदूत रक्तस्राव होऊन गेला होता. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेलं, पोरबाळ नाही. सून स्वप्नाली अजून घरातच होती, पण कुणाशी फारसं बोलत नव्हती.

चिमणाबाई उजाडलं की भादोल्याच्या रस्त्याला लागायची. डांबर संपलं की मुद्दाम खडीवरून चालायची. परत आल्यावर उंबऱ्यात बसून तळव्यांना तेल-हळद चोळायची. पहिल्या आठवड्यात टाचा फुटल्या, मग फोड आले, फोडांखाली नवी कातडी आली आणि तीही फुटली. ती कुणाला काही सांगत नव्हती. गणपतराव बघायचे आणि गिरणीत जाऊन पट्टा चढवायचे.

गल्लीतली अंबूबाई दरवर्षी पंधरा-वीस बायका घेऊन तुळजापूरला चालत जायची. सामानाला टेम्पो, मुक्कामाला ओळखीची गावं. ललितापंचमीला निघायचं आणि पौर्णिमेला आईच्या पायाशी पोचायचं. भाद्रपदात चिमणाबाईनं तिला घरी बोलावलं आणि म्हणाली, "मला बी न्या औंदा."

अंबूबाई अवघडली. "वर्ष बी झालं न्हाय गं. आन् कशापायी?"

"दवाखान्यात नवस बोललेली. अनवाणी चालत येईन म्हणून."

"पोरासाठी बोललेलीस न्हवं? मग तो काय पुरा झाला न्हाय. देवीच सोडती त्यातनं. तू कशाला जीव काढून घेतीस?"

स्वप्नाली चहा घेऊन आली होती. गणपतराव गिरणीतून जेवायला आलेले, दारातच थांबले.

चिमणाबाई म्हणाली, "पुरा झालाय की."

कुणाला कळेना. तीच पुढं बोलली. "कोल्हापुरात त्याला आत ठेवलेलं, नळ्या लावून. आमाला बघू देत न्हवते. मी भायेर बाकड्यावर बसून म्हणले, आई, माझ्या पोराला एकदा घरी आण, मी चालत येते. एवढंच म्हणले. तिसऱ्या दिवशी आणलं की. ॲम्ब्युलन्सनं आणलं, हितं, ह्याच सोप्यात ठेवलं. मी जसं मागितलं तसं दिलं तिनं."



"जित्ता म्हणायचं होतं की ओ, आत्ती!" स्वप्नाली एकदम ओरडली. "जित्ता म्हणायला काय झालतं तुमाला?"

आणि ती आत गेली. 

गणपतराव जेवले नाहीत. संध्याकाळी बायकोजवळ येऊन बसले. "हे बघ, डॉक्टर पहिल्याच दिवशी मला म्हणालते, काय ऱ्हायलं न्हाय म्हणून. तुला सांगितलं न्हवतं. तुझ्या बोलण्यानं काय झालं न्हाय."

"मग माझ्या बोलण्यानं घरी तरी कसा आला?"

 रविवारी गणपतरावांनी तिला गाडीवर बसवून जोतिबाला नेलं. ओळखीच्या पुजाऱ्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस होता. म्हणाला, "मावशी, एक नारळ ठेवा, गुलाल वाहा, सुटलासा तुमी." चिमणाबाईनं नारळ ठेवला, गुलाल वाहिला. पायऱ्या उतरताना म्हणाली, "जोतिबापाशी कुठं बोललेले मी?" दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पुन्हा भादोल्याच्या रस्त्याला होती.

घटस्थापनेच्या आधी स्वप्नालीचा भाऊ कबनूरहून तिला न्यायला आला. तिनं बॅग भरली, कपाटातले पृथ्वीराजचे दोन शर्ट घेतले. निघताना वाकून म्हणाली, "आत्ती, त्या दिवशी मी बोलले ते..."

"खरंच बोललीस," चिमणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. स्वप्नालीला राग परवडला असता.

त्या वर्षी घरात घट बसला नाही. तिसऱ्या माळेला अंबूबाई आली ती दारातच उभी राहिली. "बायका भ्यायल्यात गं. एकीची सून बाळंतपणाला हाय, एकीचा पोरगा मिल्ट्रीत. म्हणत्यात, तिच्या संगती नको, तिचा नवस असा पुरा झालाय. मी लई सांगून बघितलं. पुढच्या वर्षी बघू."

"बरं," चिमणाबाई म्हणाली.

पंचमीला बायका टेम्पोला हार घालून गलका करत गेल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर चिमणाबाई पिशवीत दोन लुगडी आणि भाकऱ्या घालून एकटी निघाली. गणपतरावांनी अडवलं नाही. गिरण चालूच ठेवली. पण दुपारी जोंधळ्याचं दळण जरा जास्तच बारीक गेलं आणि गिऱ्हाईक ओरडलं, तेव्हा त्यांनी पट्टा उतरवला आणि गाडी काढली.

हातकणंगल्याच्या पुढं ती दिसली. रस्त्याच्या कडेनं, ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या धुरळ्यातून चालली होती.

"बस मागं. मिरजेपतोर सोडतो, मग चाल."

तिनं मान हलवली. ते थोडं अंतर गाडी हळू चालवत राहिले. मग एका पाहुण्याच्या चहाच्या टपरीमागं त्यांनी गाडी लावली आणि चालत तिला गाठलं. चपला कधी काढल्या त्यांचं त्यांना कळलं नाही. गिरणीच्या फरशीवर उभं राहून मऊ पडलेले त्यांचे पाय जयसिंगपूर यायच्या आतच सोलवटले. बंद दुकानाच्या कट्ट्यावर ते बसले ते उठेनात.

चिमणाबाईनं त्यांचा पाय मांडीवर घेऊन बघितला. खडा रुतला होता, तो नखानं काढला. "जावा मागारी. तुमी कुठं काय बोललाय?"

"घरात कोण हाय म्हणून जाऊ?"

 पदराची कड फाडून तिनं पायाला बांधली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिथं गेल्यावर काय मागणार हाईस?"

"काय न्हाय. आता मी तोंड उघडत न्हाय तिच्यापुढं."

दिवस कलला होता. तिनं हात दिला, ते उठले. ते लंगडत होते, म्हणून ती त्यांच्या चालीनं चालू लागली. असं चालून पौर्णिमेपर्यंत तुळजापूर येणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.