यादीतली ‘पुंडलिकची बायको’

सौसरच्या शाळेतल्या पुंडलिक मास्तरांना मतदारयादीच्या दुरुस्तीचं काम लागलं, तेव्हा त्यासोबत आलेली सरकारी पुस्तिका त्यांच्याआधी त्यांच्या बायकोनं वाचून काढली. प्रेमलता मोहगावची, सातवी पास. घरात जो कागद येईल तो ती वाचायची.

"मत गुप्त असतं म्हणे. नवऱ्यालाही कळत नाही?" तिनं विचारलं.

"नाही कळत," मास्तर म्हणाले. "सांगावं लागते."

घरोघर नावं लिहून नेली होती पटवाऱ्यानं. बायका परक्या माणसाला आपलं नाव सांगत नसत, म्हणून यादीत भरल्या होत्या ‘चिंधूची माय’ आणि ‘अमक्याची बायको’. प्रेमलता विहिरीवर गेली असताना सासूनं सांगून टाकलं होतं, ‘पुंडलिकची बायको.’ अशी नावं कटणार, दुरुस्तीला एक महिना, असा हुकूम होता.

"माझं नाव?"

"तुझं मीच लिहून राहिलो ना."

मग ती दुसऱ्यांच्या दारी गेली. चिंधूची माय वऱ्हांड्यात सरकी निवडत बसली होती. नाव विचारल्यावर ती खाली मान घालून सरकीच निवडत राहिली. "बापाच्या घरी शकू म्हणत," ती शेवटी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. प्रेमलतानं अशी एकतीस नावं मास्तरांना आणून दिली. त्यांनी ती सुरेख अक्षरात भरली.

त्याच महिन्यात शाळेत सभा झाली. दादाजी बोलायला उठले. ते कापसाच्या जिनाचे मालक आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. निवडणूक लांब होती, पण ते उभे राहणार हे गावाला ठाऊक होतं. बाळंतिणींसाठी दवाखाना देतो, असं ते म्हणाले. बायकांतून प्रेमलता उठली.

"दवाखान्याची जागा तुमच्या जिनाच्या कुंपणात गेली, दादाजी. मग बांधता कुठं?"

लोक हसले. दादाजीही हसले. जाताना मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हेडमास्तरची जागा खाली होऊन राहिली, मास्तर. पण तुमच्या घरी तं दुसरीच शाळा चालते. जरा समजवा."

महिना संपला त्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, "माझं झालं ना?"

"हो म्हटलं ना."

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष प्रेमलतानं त्या बायकांना शिकवलं. मतदानात प्रत्येक उमेदवाराची चित्र लावलेली वेगळी पेटी असणार होती, म्हणून तिनं रिकाम्या डब्यांवर कोळशानं चित्रं काढली, वहीच्या कागदाच्या घड्या करून त्यात टाकायला लावल्या. उमेदवार दारी आला की काय विचारायचं, तेही सांगितलं. जेवताना मास्तर तिची परीक्षा घेत. "कागद पेटीत न टाकता कोणी घरी आणला तर?" "गुन्हा आहे," ती म्हणे. "शाबास," मास्तर म्हणत आणि भाकरी मोडत.

बावन्नच्या जानेवारीत मतदान झालं. संत्र्याची तोड सोडून बायका आल्या. प्रेमलता रांगेत पहिली. टेबलावर यादी घेऊन पुंडलिक मास्तरच बसले होते. त्यांनी पान उलटलं, बोट फिरवलं.

"नाव नाही," ते म्हणाले.

"कोणाचं?"

"तुझं."

तिनं पूर्ण नाव मोठ्यानं सांगितलं. बाहेरगावचा केंद्राधिकारी उठून आला. त्यानं स्वतः पानं पाहिली. "बाई, नाव न सांगितलेल्या बायका कमी केल्या होत्या. दुरुस्तीला महिना दिला होता. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

"दुरुस्ती यांनीच केली," प्रेमलता म्हणाली.

अधिकाऱ्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पेन्सिलीला टोक करत होते.

"माझ्या हातात काही नाही, बाई," अधिकारी म्हणाला.

मागून शकुबाईनं तिचा हात धरला. "तुमी नाही तं मी बी नाही जात."

"जा," प्रेमलता म्हणाली. "चित्र नीट पाहूनच टाका." ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि एकतीसही बायका बोटाला शाई लावून बाहेर येईपर्यंत हलली नाही.

संध्याकाळी तिनं ताट वाढलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"महिना संपला त्या दिवसापासून."

"मग वर्षभर मला प्रश्न काहून विचारत होते?"

मास्तर पाणी प्यायले. "तुला बरं वाटत होतं ना," ते म्हणाले.

दादाजी निवडून आले. शाळा उन्हाळ्यात बंद होण्याआधी मास्तर हेडमास्तर झाले, आणि दादाजी चार माणसं घेऊन घरी चहाला आले. प्रेमलता कप घेऊन बाहेर आली.

"काय बाई, मत तं आम्हालेच दिलं ना?"

"दिलं ना," मास्तर घाईनं म्हणाले.

"नाही दिलं," ती म्हणाली. "यांनी माझं नाव यादीत घेतलंच नाही."

दादाजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मग ते पोटभर हसले. "एवढं केलं, मास्तर? मी तं फक्त समजवा म्हटलं होतं."

बरोबरचे हसले. शेवटी मास्तरही हसले. ती समोर उभी होती. त्यांचं हसणं संपेपर्यंत ती तशीच थांबली, आणि मग एकेकापुढे कप ठेवत गेली.